समुद्राकडे जाणारी आमची पाखाडी बंद झाली. वाट परत कशी मिळवायची?

सुरूबन (२ मे)

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण तापलेलं आहे आणि आईला तिथेच राहायचंय.

आमच्या वाडीतून समुद्रावर उतरायला एकच वाट. देवळामागून जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट), खाली उतरल्यावर दोन आगरांच्या (माडांच्या बागांच्या) मधली पाणंद, मग सुरूचं बन आणि पुळण (वाळूचा किनारा). पाणंद एवढीच की समोरून पाटी घेतलेली बाई आली तर आपण गडग्याला (दगडी बांधाला) चिकटून उभं राहायचं. खालून तिसरी पायरी म्हणजे अर्धं फुटलेलं जातं आहे. मूळ पायरी एका उधाणात गेली, तेव्हा कुणीतरी घरातलं जातं आणून बसवलं. मला कळतंय तेव्हापासून ते तिथे आहे.

गेल्या तीन वर्षांत दोन्ही आगरं आणि पुढची वरकस (हलकी जमीन) मिळून नऊ-दहा एकर जागा एका कंपनीने घेतली. रिसॉर्ट आणि व्हिला असं काहीतरी होणार आहे. ८ डिसेंबरला पाणंदीच्या तोंडावर सात फुटी चिऱ्याची भिंत उभी राहिली आणि मध्ये लोखंडी फाटक बसलं. आधी रात्रीच कुलूप असायचं. जानेवारीपासून दिवसाही असतं.

रखवालदार म्हणतो, शेजारच्या गावातून डांबरी रस्ता थेट किनाऱ्यावर जातो, तिथून या. तो रस्ता अडीच किलोमीटरवर आहे आणि मध्ये कातळाचं टोक पाण्यात घुसलेलं आहे. भरतीला तिथून माणूस जाऊ शकत नाही. पावसाळ्यात तर ओहोटीलाही नाही.

फेब्रुवारीत वाडीतले एक आजोबा गेले. आमचं स्मशान सुरूच्या बनाच्या कडेला आहे. फाटकाशी पोचलो तेव्हा चावी नव्हती. मॅनेजरला फोन लावून तो येईपर्यंत पाऊण तास गेला. तिरडी खाली ठेवायची नाही म्हणून खांदेकरी बदलत राहिले. त्या दिवशी आईने मला फोन केला आणि म्हणाली, "आता काहीतरी करा गो."

ग्रामपंचायतीत तोंडी सांगून झालं. कंपनीने तोडगा दिला तो असा: सकाळी आठ ते संध्याकाळी सहा फाटक उघडं ठेवू. गावातल्या निम्म्या लोकांना तो पटलाही. पण ओहोटी घड्याळ बघून येत नाही. रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते. मुळे-तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका काही दिवस पहाटे जातात, पुढचे काही दिवस दुपारी. पाग (फेकजाळं) टाकणारा माणूस उजाडायच्या आत पाण्यात असतो. आठला उघडणाऱ्या फाटकाचा त्यांना काय उपयोग?

कुणाच्या गावात असं झालं असेल तर पुढे काय केलंत ते लिहा. कायदा जाणणाऱ्यांनीही कृपया सांगा.

---

निवाडा (२ मे)

ताई, सगळ्यात आधी तारीख. भिंत ८ डिसेंबरची असेल तर तुमच्याकडे ७ जूनपर्यंत वेळ आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेती, चराई, झाडं, पिकं आणि मासेमारी यांसाठी वापरात असलेल्या जागेकडे जाणारी रूढीची वाट कुणी अडवली, तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा पाहिजे. लोक इथेच चुकतात. निवेदनं देत, पुढाऱ्यांना भेटत पाच-सहा महिने घालवतात आणि मग वकिलाकडे येतात.

'मासेमारी' हा शब्द कायद्यातच आहे, तो सोडू नका. वादी म्हणून मुंबईकर चाकरमान्यांची नावं नकोत. जे रोज त्या वाटेने मासेमारीला जातात त्यांची द्या. मुळे काढणाऱ्या बायका पहिल्या असू देत.

दुसरा रस्ता दिवाणी कोर्टाचा. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा आहे. कलम १५ प्रमाणे खासगी जमिनीवरून वीस वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्क म्हणून वहिवाट असेल तर तो हक्क पक्का होतो. कलम १८ मध्ये गावाच्या रूढीने मिळालेला हक्कही मानलेला आहे. पण ही वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी असावी लागतात, म्हणजे वाट बंद झाल्यावर स्वस्थ बसलात तर जुनी वहिवाटही हातची जाते.

आणि गावातली पोरं भिंत पाडायला निघाली असतील तर त्यांना थांबवा. भिंत पाडली की वाटेचा विषय मागे पडतो आणि पोरांवरचे गुन्हे पुढे येतात. कंपनीला मग दुसरं काही करावंच लागत नाही.

---

केवडा७२ (२ मे)

सीआरझेडचं (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचं) काय? भरतीरेषेपासून दोनशे मीटरमध्ये काहीच बांधता येत नाही ना? मग भिंतच बेकायदा आहे. २०१९ च्या मार्चमध्ये किहीमचा नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला होता, तसं इथेही करता येईल.

---

शंकू_साखळी (३ मे)

भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं मोजणी केली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सीआरझेडमुळे जमीन सार्वजनिक होत नाही. तिथे काय बांधायचं यावर बंधन येतं, मालकी जिथल्या तिथे राहते. भरतीरेषेच्या खालचा समुद्रतळ सरकारचा आहे, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. वरची दोनशे मीटर पट्टी मात्र बहुतेक गावांत खासगी सात-बाऱ्याची आहे. म्हणून पुळण तुमची असूनही तिथे पोचायला दुसऱ्याच्या जमिनीतून जावं लागतं. भांडण नेहमी त्या शेवटच्या शंभर-दोनशे मीटरचं असतं. बंगला पाडल्याची बातमी होते, पण पाडल्यावर गावाची वाट मोकळी झाली का हे बघायला कुणी जात नाही.

त्याच कलम २० मध्ये 'सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा' हेही सरकारचे आहेत असं म्हटलंय. तेव्हा तुमची पाणंद सार्वजनिक वाट म्हणून नोंदलेली आहे का, हे आधी शोधा. कसं ते सांगतो.

भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. रेषा समुद्रापर्यंत गेली आहे की मध्येच थांबली, ते नीट बघा. मग दोन्ही आगरांची टिपणं (मूळ मोजणीच्या नोंदी) आणि फाळणी नकाशे (हिश्श्यांचे नकाशे) मागवा. ब्रिटिश काळातल्या टिपणात मोजणीदाराने वाट ओलांडली असेल तर त्याने ती नोंदलेली असते. सात-बाऱ्यावर पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग 'ब' किती दाखवलाय तेही पाहा. रस्ते, मान्य पायवाटा, सार्वजनिक वापराची जागा या वर्गात जाते. आगरात पाच-सहा गुंठे पोटखराब 'ब' असेल तर तो कशाचा, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल.

आणि ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही. पाखाडीवर कधी सरकारी पैसा खर्च झाला असेल तर त्याचं मोजमाप पुस्तक कुठेतरी असणार. खासगी वाटेवर सरकार पैसे घालत नाही.

---

सुरूबन (३ मे)

काका, शेवटच्या ओळीने डोळे उघडले. देवळाकडच्या वरच्या निम्म्या पायऱ्यांना सिमेंट आहे! मी आठवी-नववीत असताना पंचायतीने केलं होतं. खालच्या निम्म्या तशाच राहिल्या कारण पैसे संपले. आईला साल आठवत नाही. उद्याच ग्रामसेवकांकडे अर्ज टाकायला सांगते.

---

आंबराई (४ मे)

मी दुसरी बाजू मांडतो. राग येईल, पण वाचा.

दापोलीच्या बाजूला समुद्राजवळ माझा अकरा गुंठ्यांचा प्लॉट आहे. पुण्यातलं घर गहाण ठेवून घेतला, बिल्डर वगैरे नाही. पहिली दोन वर्षं कुंपण नव्हतं. गावातल्या लोकांचा त्रास कधीच झाला नाही. पण त्या वाटेने शनिवार-रविवारी बाहेरचे लोक गाड्या घुसवायचे. सोमवारी मी बाटल्या वेचायचो. एकदा माडाखाली चूल पेटवून झावळ्या जाळल्या. पोलिसांत गेलो तर उत्तर मिळालं, कुंपण घाला.

शेवटी घातलं. गावाची वाट बंद करायचा हेतू नव्हता. पण कुंपणाला गाववाला कोण आणि पर्यटक कोण हे कसं कळणार?

---

रापणकार (४ मे)

आंबराई साहेब, तुमचा त्रास खोटा नाही. आम्ही मालवणकडचे. आमच्या पुळणीवर पण लोक गाड्या घालतत आणि त्या चाकांखाली आमची सुकत घातलेली मासळी जाता. पण म्हणून कोणी वाट बंद करूक नाय.

रापण (किनाऱ्यावरून ओढूचा जाळा) ओढूक दोन्ही अंगांनी तीस-चाळीस माणसं लागतत, त्यात बायका, म्हातारे, शाळेतून इलेली पोरं. सगळे आपापल्या घराकडच्या वाटेन धावत येतत. होडी जाळा टाकून काठाक लागली की हाक जाता, मग वेळ नसता. एक वाट बंद म्हणजे दहा माणसं कमी, दहा माणसं कमी म्हणजे दोर अर्ध्यात थांबता. मासळी वाटून घेताना ओढणाऱ्याचो वाटो असता, तो पण त्या घराचो गेलो. हिशेब असो आसा.

पूर्वी आगराक बेडा असायचा. आडवी बांबूची काठी सरकवायची, माणूस जायचो, परत लावायची. गुरां आत येत नसत, माणसांक अडवणूक नसे. गाडी तर शिरूच शकत नसे. तसाच करा. दोन दगडी खांब रोवा, मध्ये माणूस आणि डोक्यावरची पाटी जाईल एवढी जागा ठेवा. कुलूप कशाक?

---

आंबराई (४ मे)

हे मला पटतंय. अडीच-तीन फुटांची जागा ठेवली तर मोटारसायकलसुद्धा सहज जाणार नाही. मे संपायच्या आत करून घेतो. फोटो टाकेन.

---

दोनापावला (५ मे)

पणजीहून लिहितोय. आमच्याकडची केस बहुतेकांनी ऐकली नसेल, आणि ती तुमच्या कामाची आहे.

दोनापावलाजवळ वायंगिणीचा छोटा समुद्रकिनारा आहे. तिथे एका मोठ्या हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन करून दिली होती. करारात अट होती की किनाऱ्यावर जायची वाट लोकांना मोकळी ठेवायची. नंतर हॉटेलच्या विस्ताराचं बांधकाम त्या वाटेच्या जागेवर आलं. स्थानिक लोक आणि गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. 'फोमेन्तो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्टिन्स' या नावाने सापडेल. समुद्र, किनारे, नद्या यांची सरकार लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून राखण करतं, ती मालमत्ता कुणा एकाच्या हवाली करून लोकांना बाहेर ठेवता येत नाही, हे त्यात सविस्तर मांडलंय.

पुढचं लिहायला वाईट वाटतं, पण अर्धी गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. बांधकाम पाडायचा हुकूम झाल्यावर त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती आणून ते बांधकाम वाचवलं. लोकांनी इतकी वर्षं लढून निकाल मिळवला होता. तरी वाटेबद्दल कोर्टाने जे तत्त्व सांगितलं ते आजही तुमच्या अर्जात वापरता येतं. वकिलांना हा निकाल जरूर द्या.

---

निवाडा (५ मे)

दोनापावला, धन्यवाद, हा निकाल जोडायलाच हवा. सीआरझेडबद्दल दोन गोष्टी राहिल्या होत्या.

१९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी एक परिशिष्ट आहे, २०११ आणि २०१९ मध्येही ते राहिलं. त्यात म्हटलंय की खासगी जागेभोवती झाडांचं किंवा झाडोऱ्याने झाकलेल्या काटेरी तारेचं कुंपण चालेल, पण त्याने लोकांचं किनाऱ्यावर जाणं कोणत्याही प्रकारे अडता कामा नये. सात फुटी चिऱ्याची भिंत यात कुठे बसते? याच मुद्द्यावर महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे तक्रार करा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत, मच्छीमार धरून. ते कोण आहेत ते विचारा.

पुण्याला हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ आहे. तिथेही मुदत सहा महिने, सबळ कारण असेल तर वर साठ दिवस.

---

केवडा७२ (५ मे)

त्याच परिशिष्टात दोन रिसॉर्टच्या मध्ये वीस मीटरची मोकळी जागा सोडायची असंही आहे ना? आणि दर पाचशे मीटरला एक वाट?

---

निवाडा (५ मे)

वीस मीटर बरोबर आहे. पाचशे मीटरचं मात्र सगळेच असं समजतात आणि फसतात. मूळ इंग्रजी मजकूर असा आहे की दोन मोकळ्या जागांमधलं अंतर पाचशे मीटरपेक्षा कमी नसावं. दर पाचशे मीटरला वाट हवी असं तो म्हणत नाही. वाटा पाचशे मीटरपेक्षा जवळ नकोत, असाच त्याचा शब्दशः अर्थ होतो! वाक्याची सुरुवात 'लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून' अशी आहे, तेव्हा हेतू लोकांच्या बाजूचा आहे हे मांडता येतं. पण त्या एका वाक्यावर सगळी केस उभी करू नका, समोरचा वकील तेच वाक्य वाचून दाखवेल. १९९१ पासून हे वाक्य तसंच चालत आलंय, याची मला खरोखर चीड येते. शिवाय हे परिशिष्ट नव्या रिसॉर्टसाठी आहे. तुमची वाट त्याच्या कितीतरी आधीची आहे, ती वहिवाटीच्या जोरावरच मागा.

---

पॅसिफिककाठ (७ मे)

मूळची वेंगुर्ल्याची, आता कॅलिफोर्नियात. इथलं मार्टिन्स बीचचं प्रकरण मी जवळून पाहिलंय.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बेच्या पुढे एक लहानसा किनारा, तिन्ही बाजूंनी कडे, खाली उतरायला एकच रस्ता. आधीचं कुटुंब गाडी लावायचे थोडे पैसे घेऊन लोकांना जाऊ द्यायचं. २००८ मध्ये उद्योगपती विनोद खोसला यांनी ती जागा सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास घेतली (त्यांचा जन्म पुण्याचा, म्हणून आपल्याकडेही तेव्हा बातमी आली होती). मग फाटक बंद झालं.

इथे १९७६ चा किनारा कायदा आहे. समुद्रकाठी कुठलाही 'विकास' करायला परवाना लागतो. लोकांच्या बाजूने लढणाऱ्या सर्फरायडर संस्थेने मुद्दा मांडला की फाटक बंद करणं हाच 'विकास' आहे, कारण त्याने किनाऱ्याचा वापर बदलला. कोर्टाने ते मान्य केलं. मालक वरपर्यंत गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला.

आपल्याकडे रिसॉर्टचा नकाशा मंजूर होताना खोल्या किती, मजले किती, सांडपाणी कुठे हे विचारतात. आधीची वाट कुठून जात होती हे कोण विचारतं? कंपनीने परवानगीच्या अर्जात जो नकाशा जोडला असेल तो माहितीच्या अधिकारात मागवा. त्यावर पाणंद दाखवली आहे की जागा कोरी आहे, ते बघा. कोरी असेल तर त्यांनी चुकीची माहिती दिली असं म्हणता येईल.

---

बेचाळीस_हिस्से (८ मे)

हा धागा चार दिवस वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

मी विकणाऱ्यांपैकी आहे. तुमच्या गावचा नाही, पण गोष्ट तीच. आमच्या आगराच्या सात-बाऱ्यावर बेचाळीस नावं. माडाचं उत्पन्न वाटून प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला वाणसामानाचे पैसेही येत नव्हते. सगळे मुंबई, पुणे, बडोद्याला. २०१४ मध्ये दलालाने एकेकाला गाठून सह्या घेतल्या. मीही केली. मुलीची फी भरायची होती.

आमच्या आगरातूनही गावाची वाट जायची. खरेदीखतात तिचा शब्द नाही. कुणी काढूनही टाकला नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक जातात, ते कशाला लिहायचं? वाट बंद होऊ शकते हेच माहीत नव्हतं. खरेदीखतात 'गावकऱ्यांच्या वहिवाटीची वाट कायम ठेवून' एवढे शब्द घातले असते तरी पुरे होतं. सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद केली असती तरी चाललं असतं.

आमच्या गावात तीन वर्षांनी वाद झाला, तेव्हा मी आणि माझ्या चुलतभावाने तहसीलदारांपुढे जबाब दिला की आमच्या आजोबांच्या काळापासून ती वाट होती आणि आम्ही कधी कुणाला अडवलं नाही. विकणाराच असं सांगतो म्हटल्यावर घेणाऱ्याला 'वाट नव्हतीच' म्हणणं जड गेलं. तुमच्या आगराचे जुने मालक शोधा. त्यांच्यावर रागावून जाऊ नका, ते आधीच अपराधी वाटून घेत असतील.

---

सुरूबन (८ मे)

दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. खरं सांगायचं तर मी रागावलेच होते. एका आगराचे मालक माझ्या बाबांचे मित्र, डोंबिवलीला असतात. विक्रीनंतर आम्ही त्यांच्याशी बोललो नव्हतो. रविवारी जाते.

---

सुरूबन (२२ मे)

बरंच झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

गाव नकाशा मिळाला. एक तुटक रेषा देवळाच्या खुणेपासून निघते आणि खाली सरकत थेट भरतीरेषेपर्यंत जाते. शंकू_साखळी काका, तुमचं नाव काढून आईने देवाला नारळ ठेवला. एका आगराच्या सात-बाऱ्यावर पोटखराब 'ब' चार गुंठे आहे. दुसऱ्यावर काहीच नाही.

पंचायतीत पाखाडीच्या कामाचं मोजमाप पुस्तक सापडलं नाही. कपाट एका पावसात भिजलं असं म्हणाले. पण १९९७ च्या मासिक सभेच्या इतिवृत्तात 'देऊळ ते समुद्र पाखाडी दुरुस्ती' असा ठराव आहे. त्यात 'समुद्र' शब्द आहे, म्हणजे वाट तिथपर्यंत जात होती हे पंचायतीनेच लिहून ठेवलंय.

डोंबिवलीला गेले. काका दारातच रडले. म्हणाले, "तुझ्या बाबाला खांदा द्यायला मी त्याच वाटेने गेलो होतो." प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि म्हणाले, सुनावणीला बोलवलं तर काठी टेकत येईन.

कंपनीच्या परवानगीच्या नकाशाची प्रत अजून मिळाली नाही, तीस दिवस व्हायचेत. मामलेदार न्यायालयाचा दावा मात्र काल दाखल झाला. वादी सात जण, पाच बायका. त्यातल्या सर्वांत मोठ्या मावशी अडुसष्ट वर्षांच्या. त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली. सहीसाठी नातवाकडून दोन दिवस गिरवून घेत होत्या.

---

शंकू_साखळी (२२ मे)

फार चांगलं काम केलंत. पोटखराब एकाच बाजूला आहे यावर ते बोट ठेवतील. वाट दोन आगरांच्या हद्दीवरून जात असेल तर बहुधा सगळी रुंदी एकाच गटातून सोडलेली असते, घाबरू नका. हद्द कायम मोजणीचा अर्ज आजच भरा.

स्थळपाहणी लागली की पंचनाम्यात ती जात्याची पायरी घालायला सांगा. पायऱ्यांची संख्या, प्रत्येकीची लांबी, मधला झिजलेला भाग पट्टी ठेवून मोजा. झिजायला किती वर्षं लागली हे डोळ्यांना दिसतं. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत फोटो काढा. भिंतीच्या पायातून त्यांनी पाण्याला जे भोक ठेवलं असेल त्याचं पाणी पायऱ्यांवर येऊन खालच्या पायऱ्या या पावसाळ्यात उखडतील.

---

आंबराई (३० मे)

माझं काम झालं. दोन जांभ्याचे खांब, मध्ये पावणेतीन फूट, फाटक नाही. काल गावातल्या एक आजी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन आडव्या होऊन गेल्या. भाऱ्यासाठी जागा कमी पडली. एक खांब सहा इंच मागे घेतोय.

---

सुरूबन (४ जून)

स्थळपाहणी मंगळवारी, ९ तारखेला सकाळी अकराला ठरली आहे. पाऊस लागला तरी रद्द करू नका असं वाडीने लिहून दिलंय. वाडीतली माणसं रोज संध्याकाळी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडताहेत. पंचवीस पायऱ्या आहेत, त्यातल्या एकवीस भिंतीच्या अलीकडे. शेवटच्या चार आणि पाणंद पलीकडे. जातं पलीकडेच अडकलंय.

एक अडचण आहे. वकील म्हणतात, वाट वापरात असल्याचा जुना फोटो मिळाला तर फार बरं. आमच्याकडे विसर्जनाचे फोटो आहेत पण ते सगळे पुळणीवरचे, पाणंदीत कुणी काढलेच नाहीत. २००५ च्या आधीचा, ज्यात पाणंद किंवा खालच्या पायऱ्या दिसतात असा कुणाकडे असेल तर सांगा. देवळाच्या मागे जुना बकुळ आहे, समोर तुळशीचं चौथरं. एवढ्यावरून गाव ओळखलंत तर कृपया इथे नाव लिहू नका.

---

मामाचं_गाव (४ जून)

जात्याची पायरी वाचली तेव्हाच शंका आली होती, बकुळीवरून खात्री झाली. माझ्या आईचं माहेर. १९९४ च्या मे महिन्यात आम्ही पाच मावसभावंडं त्या जात्यावर बसलोय, ओल्या कपड्यांत, असा फोटो आईच्या अल्बममध्ये आहे. मागे दोन्ही गडगे दिसतात आणि गडग्यांच्या मध्ये समुद्र. फोटोमागे मामांनी तारीख लिहिली आहे.

अल्बम कल्याणला भावाकडे आहे. आत्ताच त्याला फोन केला. रात्री स्कॅन करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

सुरूबन (४ जून)

दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची तारीख दिसायला हवी. आणि मूळ फोटोही लागेल. भावाचा पत्ता पाठवा, मी उद्या सकाळच्या गाडीने कल्याणला येऊन घेऊन जाते.